वाऱ्याचं खापर लाकडाच्या माथी

पानशेत धरणाच्या काठाने प्लॉट घेणाऱ्याला घराच्या आधी कुंपणाचा सल्ला मिळतो, आणि तो बहुतेक ठरलेला असतो. लाकडाच्या भानगडीत पडू नका, इथला वारा लाकूड उभं राहू देत नाही, सिमेंटचं प्रीकास्ट कंपाउंड टाका आणि मोकळे व्हा. श्रीवर्धन-दिवेआगरपासून मालवणपर्यंत समुद्रकाठीही थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं. तिथे वाऱ्याच्या जोडीला खारी हवा येते एवढंच. सांगणाऱ्यांत ठेकेदार असतात, प्लॉट विकणारे असतात, एकदा हात पोळलेले शेजारीही असतात. त्यांच्या अनुभवावर शंका घ्यायचं कारण नाही. लाकडी कुंपणं पडतात, कुजतात, त्यांना वाळवी लागते, हे सगळं खरं आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्या चुकीपायी सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणच्या किनाऱ्यावर गरज नसलेल्या भिंती उभ्या राहत आहेत.

पडलेलं कुंपण पाहताना आधी एकच गोष्ट तपासायला हवी: ते मोडलं कुठे? जवळजवळ नेहमी उत्तर दोनांपैकी एक निघतं. एक तर खांब जमिनीलगत, मातीच्या वर-खाली चार-सहा इंचांत तुटलेला असतो, किंवा फळ्यांचं अख्खं पान खांबासकट उपटून आडवं झालेलं असतं. भर मधोमध फळी मोडून पडलेलं कुंपण क्वचितच सापडतं. म्हणजे लाकूड वाऱ्याला हरलं नाही. खांबाचा पाय पाण्याने आधीच खाल्ला होता, किंवा बांधणाऱ्याने वाऱ्याला जायला वाटच ठेवली नव्हती. दोन्ही दोष बांधणीचे आहेत, आणि त्यातला दुसरा सिमेंटच्या भिंतीलाही तितकाच लागू होतो.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात दिवेआगर-श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. ११० किलोमीटरचा वारा आडव्या आलेल्या सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण ५७ किलो वजनाइतका दाब देतो. सहा फूट उंच, आठ फूट लांब अशा फटी नसलेल्या एका पानावर हा भार अडीचशे ते तीनशे किलोंचा होतो. वारा समजा ५५ किलोमीटरचा असता, तर तेच पान साठ-सत्तर किलोंवर निभावून गेलं असतं. जमिनीलगत वाऱ्याचा वेग थोडा कमी असतो, त्यामुळे हा हिशोब वरच्या टोकाचा आहे हे मान्य. पण उघड्या किनाऱ्यावर किंवा जलाशयाच्या काठी वाऱ्याला अडवायला काही नसतं, तिथे ही सवलत फारशी मिळत नाही.

आता हाच हिशोब भिंतीला लावून पाहावा, कारण भिंत म्हणजे भक्कम हे गृहीत धरूनच सगळा सल्ला दिला जातो. नऊ इंच जाडीची, सहा फूट उंच विटांची भिंत मध्ये खांब न देता नुसती सरळ उठवली, तर तिच्या दर मीटर लांबीचं वजन सुमारे ८०० किलो भरतं. ११० किलोमीटरचा वारा तिला उलथवायला जेवढा जोर लावतो, तो या वजनाने मिळणाऱ्या आधारापेक्षा किंचित जास्तच निघतो. मग ती उभी असते ती गिलावा, पाया आणि चुन्या-सिमेंटच्या पकडीच्या भरवशावर. साडेचार इंची भिंतीचा वजनी आधार तर गरजेच्या पाव हिश्शाहूनही कमी असतो. प्रीकास्टची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे खाचा पाडलेले सिमेंटचे खांब दीड-दोन फूट पुरलेले असतात आणि दोन इंच जाडीच्या पाट्या त्या खाचांत एकावर एक सरकवलेल्या असतात. वाऱ्याचा सगळा भार पाट्यांवरून खांबाच्या पायथ्यावर येतो, अगदी लाकडी कुंपणात येतो तसाच. फरक इतकाच की लाकडी पान पडलं तर फळ्या उचलून पुन्हा ठोकता येतात, आणि प्रीकास्टची पाटी माणसावर पडली तर जीव घेते.

पानशेतला समुद्र नाही, मग तिथे किनाऱ्याच्या वाऱ्याची चर्चा कशाला, असं कुणी विचारेल. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर हा मूळ वेग धरायला सांगतो आणि पुण्यासाठी ३९ मीटर. म्हणजे ताशी साधारण १५८ आणि १४० किलोमीटर. दोन्हींत लोकांना वाटतो तेवढा फरक नाही. शिवाय डोंगराचा माथा किंवा चढ असेल, तर हा वेग ३६ टक्क्यांपर्यंत वाढवून धरण्याची तरतूद त्याच मानकात आहे. पानशेतपासून समुद्र हवाई अंतराने सुमारे ७० किलोमीटरवर. मध्ये सह्याद्रीची भिंत आहे खरी, पण आंबी नदीचं खोरं पश्चिमेकडून येतं आणि धरणामुळे त्या खोऱ्यात तानाजीसागराचा लांबच लांब मोकळा पृष्ठभाग तयार झाला आहे. आषाढात घाटावरून उतरलेला वारा या पाण्यावरून बिनअडथळा धावत येतो. ज्या प्लॉटची जाहिरात 'लेक व्ह्यू' म्हणून होते, तोच प्लॉट वाऱ्याच्या तोंडावर असतो. निसर्ग वादळाचा मार्ग पानशेतच्या उत्तरेने गेला, तरी त्या दिवशी मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यात पॉलीहाऊसचे सांगाडे वाकले, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. घाटमाथ्यालगतच्या तालुक्यांना किनाऱ्याचा वारा परका नाही.

या वाऱ्यापुढे टिकायचं तर त्याला अडवायचं नाही, चाळून पुढे सोडायचं. अखंड भिंतीवर आदळलेला वारा वर उसळतो, माथ्यावरून वेगाने जातो आणि पलीकडे भोवरे करत खाली येतो. भिंतीला अगदी चिकटून शांतता असते, थोडं पुढे गेलं की झोत उलटसुलट बसू लागतात. परसातली केळ फाटते, टोमॅटोचे मांडव हलतात, आणि मालकाला कळत नाही की एवढी उंच भिंत घालूनही वारा आला कुठून. याउलट ४० ते ५० टक्के जागा मोकळी असलेला अडसर वाऱ्याचा वेग हळूहळू मोडतो, आणि त्याचा आसरा उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत पोचतो. जळगावचा केळीवाला बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतो, भिंत घालत नाही, त्यामागे हेच कारण आहे. रोपवाटिकेभोवती लावतात ती हिरवी शेडनेटही वाऱ्यापुढे असंच काम करते.

फ्रान्सच्या नैऋत्य किनाऱ्यावर लांद प्रांतात वाळूच्या टेकड्या गावांवर सरकत होत्या. १८व्या शतकाच्या अखेरीस ब्रेमोंतिए या अभियंत्याने तिथे समुद्रकाठी लाकडी फळ्यांचं कुंपण उभारलं, आणि फळ्यांमध्ये मुद्दाम बोटा-दोन बोटांच्या फटी ठेवल्या. फटींतून गेलेला वारा मंदावून वाळू टाकत असे. फळ्या वाळूत बुडू लागल्या की त्या वर उपसून घ्यायच्या. असं करत करत लाकडी कुंपणाच्या आधाराने वाळूचा एक बांध उभा राहिला आणि त्याच्या मागे पाइनचं रान लावता आलं. वाऱ्याच्या अशा किनाऱ्यावर लाकडी कुंपणाने केलेलं हे काम आहे. 'वाऱ्यात लाकूड चालत नाही' म्हणणाऱ्यांनी ते पाहावं.

लाकडाची हौस असणाऱ्यांनाही इथे दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण लाकडाची बदनामी निम्मी त्यांनीच केली आहे. होमस्टे आणि फार्महाऊसभोवती आतलं दिसू नये म्हणून फळीला फळी भिडवून, वर वॉर्निश मारून जे कुंपण घालतात, ते वाऱ्याच्या दृष्टीने उभारलेलं शीडच असतं. त्याला खांब कितीही जाड दिले तरी एखाद्या वादळी रात्री ते जाणार. त्याच फळ्या एकाआड एक, खांबाच्या दोन्ही अंगांना ठोकल्या तर समोरून आडोसाही राहतो आणि वाराही तिरका निघून जातो. निम्मी जागा मोकळी ठेवली म्हणून भार निम्मा होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. फटींतून जाणारी हवा प्रत्येक फळीच्या कडेला ओढते, त्यामुळे भार कमी होतो तो साधारण तिसऱ्या हिश्शाने. पण खांब उभा राहतो की उपटतो, हे ठरायला बऱ्याचदा तेवढाच फरक पुरतो. उंचीचंही तसंच. सहा फुटांचं कुंपण चार फुटांवर आणलं, तर खांबाच्या पायाशी येणारा मरोड, म्हणजे उलथवणारा जोर, निम्म्याहूनही कमी होतो. बाग राखायला चार फूट पुरत असताना सहा फुटांचा हट्ट कशासाठी?

कुजण्याचा आरोप जास्त गंभीर आहे, आणि त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

लाकूड कुजवणारी बुरशी लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय वाढत नाही, आणि तिला हवाही लागते. खोल जमिनीत हवा कमी, उंच फळीवर ओलावा टिकत नाही. दोन्ही पुरेशी मिळतात ती नेमकी जमिनीच्या रेघेवर. म्हणून खांब तिथेच सडतो. आपल्याकडच्या सुतारांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. जुन्या वाड्याचा सागवानी खांब कधीही थेट जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. त्या तळखड्याने शेकडो पावसाळे खांबाचा पाय कोरडा ठेवला. आजचा कुंपणवाला मात्र खड्डा खणतो, खांब उभा करतो आणि भोवती काँक्रीट ओततो. लाकूड वाळून आकसलं की खांब आणि काँक्रीट यांच्यात बारीक फट पडते, त्या फटीत पाणी उतरतं आणि खाली साचून राहतं. मजबुतीसाठी ओतलेलं काँक्रीटच खांबाची कुंडी होते. उपाय साधा आहे. जमिनीत दगडाचा, सिमेंटचा किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाचा ठोंब पुरायचा, तो वीतभर वर ठेवायचा आणि लाकडी खांब त्याला बोल्टने कसायचा. लाकूड मातीला लागत नाही, खराब झालेला एक खांब बाकीचं कुंपण न हलवता बदलता येतो. आणि पुरायचाच असेल, तर तळाशी खडी घालून पाणी निचरू द्यावं. टोक भाजून पुरण्याची जुनी रीत अजून कुणी कुणी सांगतात. तिच्यावर फार विसंबू नये. जळालेल्या थराला चिरा पडतात आणि आतलं न भाजलेलं लाकूड पुन्हा उघडं होतं.

मग लाकूड कोणतं? देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने लाकडांचे खुंट जमिनीत पुरून ते किती महिने टिकतात याच्या चाचण्या घेतल्या आणि त्यांवरून टिकाऊपणाचे तीन वर्ग केले. १२० महिने आणि त्याहून जास्त टिकणारा पहिला वर्ग, ६० ते १२० महिन्यांचा दुसरा, आणि ६० महिन्यांच्या आत संपणारा तिसरा. सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो. पण 'सागवानी बल्ल्या' म्हणून जे विकलं जातं, ते लागवडीतल्या विरळणीतून निघालेलं कोवळं लाकूड असतं, त्यात गाभा बोटभर आणि भोवतीचा पांढरा भाग बहुतेक. हा पांढरा भाग वाळवी आणि बुरशी दोन-चार पावसाळ्यांत संपवतात, मग तो सागाचा असला तरी. दुसरी फसगत पॅलेटच्या पाइनची. मालाच्या खोक्यांच्या फळ्या स्वस्त मिळतात, त्यांच्यावर 'एचटी' असा शिक्का असतो आणि घेणाऱ्याला वाटतं की लाकूड प्रक्रिया केलेलं आहे. तो शिक्का उष्णतेचा आहे. लाकडातून कीड परदेशात जाऊ नये म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं असतं. आतली कीड त्याने मरते, पण बुरशीपासून पुढचं संरक्षण काहीच मिळत नाही. अशा फळ्यांचं कुंपण पानशेत परिसरातल्या वेल्ह्याच्या पावसात तिसऱ्या वर्षी भुसभुशीत झालं, तर दोष पाइनलाही देता येत नाही, तो विकत घेणाऱ्याच्या समजुतीचा आहे.

खरी प्रक्रिया वेगळी, आणि तिचा शोध भारतातच लागला. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात दाबाने मुरवण्याची पद्धत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये देहरादूनलाच सिद्ध केली आणि ती पुढे जगभर पसरली. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडातून ती मागे घेतली, कारण आर्सेनिक. त्यामुळे पोरं खेळतात अशा कुंपणाला, भाजीच्या वाफ्यालगत, ती नको. बांबूवाल्यांकडे बोरॅक्स-बोरिक अॅसिडची प्रक्रिया असते. ती निर्धोक आहे, पण पाण्यात विरघळून निघून जाते. छपराखालच्या बांबूला ती उत्तम. जमिनीत पुरलेल्या, पावसात भिजणाऱ्या बांबूला तिचा भरवसा नाही. ही गोष्ट विकताना क्वचितच सांगितली जाते, म्हणून इथे ठळकपणे लिहिली पाहिजे.

समुद्रकाठचा एक मुद्दा लाकडाच्या विरोधकांना द्यावाच लागेल. खाऱ्या हवेत आधी लाकूड जात नाही, खिळे जातात. साधा लोखंडी खिळा गंजतो, फुगतो, फळीला चीर पाडतो आणि एक दिवस डोकं तुटून फळी सुटते. भरतीचे तुषार पोचतात त्या पहिल्या ओळीतल्या घराने खिळे-स्क्रू स्टेनलेसचे, तेही ३१६ प्रतीचे घ्यावेत, नाहीतर कुंपण काथ्याने बांधावं. कोकणातल्या जुन्या माणसांनी दुसरा मार्ग धरला होता आणि तो अडाणीपणाने धरला नव्हता. पण खारी हवा सिमेंटलाही सोडत नाही, हे का सांगितलं जात नाही? प्रीकास्टच्या बारीक खांबातली सळई गंजली की खांब उभा चिरतो. लाकडी खांबाचं कुजणं टोकदार सळीने टोचून वेळेत कळतं. सळईचा गंज बहुधा काँक्रीटचा तुकडा पडल्यावरच दिसतो.

भिंतीचा सगळ्यात मोठा दोष वाऱ्याशी संबंधितच नाही. ती पाणी अडवते. पानशेतच्या उतारावर पावसाचं पाणी शेकडो बारीक वाटांनी खाली येतं. आडवी अखंड भिंत घातली की ते पाणी तिच्या मागे साचतं, माती भिजून जड होते आणि भिंत एका बाजूने दाबली जाते. २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. तीनच दिवसांनी, १ जुलैच्या मध्यरात्री, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात पाण्याचा लोंढा भिंतीमागे चढला आणि भिंत वस्तीवर आली. तिथे गेलेल्यांचा आकडा त्याहून मोठा होता. या भिंती फार्महाऊसच्या कंपाउंडापेक्षा उंच आणि जड होत्या, दोन्हींची तुलना जशीच्या तशी करता येणार नाही. पण उतारावर पाण्याला वाट न ठेवता भिंत घालण्याची सवय तीच आहे, आणि तिचा ताप बहुधा खालच्या अंगाला राहणाऱ्यालाच होतो. फटींच्या कुंपणातून पाणी निघून जातं. आणि जिथे माती धरून ठेवायचीच आहे, तिथे मात्र लाकूड चालणार नाही. तिथे पाणी निघायला नळ्या ठेवलेला दगडी बांधच हवा.

'रानडुकरं आणि बिबट्याचं काय?' हा प्रश्न वेल्ह्यात खरा आहे, हसण्यावारी न्यायचा नाही. पण बिबट्याला सहा फुटांची भिंत अडवत नाही. रानडुक्कर लाकडी कुंपणाखालून उकरतो, तसाच कच्च्या पायाच्या प्रीकास्टखालूनही उकरतो. डुकरासाठी तळाशी दगडांची रांग किंवा पुरलेली जाळी लागते. पीक राखायचं असेल तर सौर कुंपण आहे. संरक्षणाच्या नावाखाली भिंत विकणाऱ्याने ती कोणापासून संरक्षण करणार हे नाव घेऊन सांगावं.

आता त्या जुन्या मार्गाकडे. कोकणात वाडीभोवती एकतर जांभ्याचा गडगा असे किंवा वई. गडगा चुन्याशिवाय रचलेला, कमरेएवढा, जाड. दगडांच्या फटींतून पाणी आणि थोडा वारा जात राही. वईत पांगारा, मोगली एरंड, निरगुडी, शेर यांचे खुंट पावसाच्या तोंडावर रोवायचे, मधे बांबूच्या आडव्या काठ्या घालून त्यांना बांधायचं, आणि तळाला करवंदीच्या किंवा चिल्हारीच्या काटेरी फांद्या खुपसायच्या. पहिल्या वर्षी हे लाकडी कुंपण असतं. दुसऱ्या वर्षी खुंटांना मुळं फुटतात आणि खांब कुजण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण खांब जिवंत असतो. आत जायला बांबूचं बेडं. पानशेतच्या वरच्या वाड्यांवर, धनगरवाड्यांवर याच कामाला कारवी येते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरते. वाळलेल्या कारवीच्या बोटभर जाडीच्या काठ्या सरळ, हलक्या आणि चिवट असतात. घराचे कुड त्यांचेच, गोठ्याचा आडोसा त्यांचाच. शेणमातीने न लिंपलेल्या कारवीच्या ताटीतून वारा कसा चाळून जातो ते पाहिलं, तर ४०-५० टक्क्यांचं शास्त्र तिथे आधीच हजर असल्याचं दिसतं.

यातही धोके आहेत. मोगली एरंडाच्या बिया विषारी आहेत, त्या खाऊन पोरांना उलट्या होऊन दवाखान्यात न्यावं लागतं. शाळेच्या कुंपणाला तो नको. शेराचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. त्याऐवजी गिरीपुष्प लावावं. त्याचे खुंट सहज जगतात आणि पाला खताला येतो. 'निसर्ग वादळात सुरूसुद्धा आडवे झाले, मग झाडांच्या कुंपणाचं काय घेऊन बसलात?' असंही विचारलं जातं. सुरू पडले, श्रीवर्धनच्या वाड्यांमधल्या नारळी-पोफळी पडल्या, त्यात कुटुंबांची वर्षानुवर्षांची कमाई गेली. पण पन्नास फुटांचं झाड आणि छातीएवढी वई यांना एका तराजूत घालता येत नाही. उंच झाडाच्या शेंड्याला बसणारा वारा आणि बुंध्याचा मरोड वेगळा, झुडपांच्या दाट रांगेचा वेगळा.

पानशेतला लाकडाविरुद्धचा एक मुद्दा मात्र किनाऱ्यापेक्षा जड आहे, आणि ठेकेदार तो कधी मांडत नाहीत: वणवा. फाल्गुन-चैत्रात डोंगरावरचं गवत पेटतं आणि वाऱ्याने धरणाकाठपर्यंत उतरतं. वाळलेलं लाकडी कुंपण तेव्हा आगीला घरापर्यंत आणणारी वाट होऊ शकतं. म्हणून डोंगराच्या अंगाला गडगा किंवा घायपाताची, निवडुंगाची रांग घालावी, तिच्या बाहेर दहा-बारा फुटांचा पट्टा गवत काढून मोकळा ठेवावा आणि लाकूड पाण्याच्या अंगाला वापरावं. एकाच प्लॉटच्या चार बाजूंना चार तऱ्हेची कुंपणं असू शकतात. चारी बाजूंना एकच माल टाकण्याची सक्ती फक्त अंदाजपत्रकाच्या सोयीची आहे.

जंगलतोडीचा आक्षेपही येतो, आणि तो ऐकून घ्यायलाच हवा. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ आहेत. आपल्या जमिनीतही ते परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि तेच योग्य आहे. कुंपणासाठी ते लागतही नाहीत. बांबू खासगी जमिनीवर २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने झाड राहिलेला नाही. सिंधुदुर्गातला माणगा भरीव, सरळ आणि कमी काट्यांचा आहे. कुडाळच्या परिसरात त्याच्या लागवडीवर अनेक घरं चालतात. तो जमिनीत न पुरता ठोंबावर कसला, तर वेल्ह्यातही चालेल.

शेवटी उरतो तो देखभालीचा प्रश्न. भिंत घातली की पंधरा वर्षं बघावं लागत नाही, लाकडाकडे दर वर्षी पाहावं लागतं, असं सांगतात. पाहावं लागतं हे खरं आहे. पाऊस सरल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमाराला सळीने खांबांचे पाय टोचायचे, सुटलेली फळी बांधायची, मेलेल्या खुंटाजागी पुढच्या ज्येष्ठात नवा रोवायचा. एकरभर प्लॉटला हे दोन माणसांचं दोन दिवसांचं काम आहे. आठवड्याच्या सुट्टीला पुण्याहून येणाऱ्या मालकाला ते जमणार नाही, पण पानशेत, वेल्हे, कुरण, रुळे या गावांतल्या माणसांना ते येतं. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्याच खोऱ्यात आज हे प्लॉट पडत आहेत. प्रीकास्टचा ट्रक बाहेरून येतो, पाट्या उतरवतो आणि निघून जातो; गावाच्या वाट्याला त्यातून एक दिवसाची हमाली येते. वईचं काम दर वर्षी निघतं, आणि त्याची मजुरी दर वर्षी गावातच राहते.